रंग सुटतो

आमच्या क्लबचा रंग पहिल्या दिवसापासून सुटतोय.
माझी आजी स्माराग्दा गालिच्यांच्या कारखान्यात लोकर रंगवायची:
मंजिष्ठेच्या मुळ्या, तुरटी, आणि प्रमाण जिभेवर.
सत्तावीस साली अकरा पोरं तिच्या दारात उभी राहिली,
समुद्रापलीकडच्या जळत्या शहरातून तिच्याच बोटीनं आलेली,
अंगात पिठाच्या पोत्यांचे सदरे,
छातीवर अजून गिरणीचा शिक्का.
म्हणाली, मावशी, आम्हाला लाल कर.
तुरटी उसनी आणलेली. कमी पडली.

पहिल्या सामन्यात घामानंच रंग काढला.
पाठी, चड्ड्या, मोजे, सगळं गुलाबी.
बंदराकडचे पोट धरून हसले, गुलाब आले रे, गुलाब!
नेआ कासाबाच्या लोकांनी ती शिवी उचलली,
झटकली, आणि क्लबच्या दारावर ठोकली:
त्रिआंदाफिलो. म्हणजे गुलाबच.

मैदान वीटभट्टीमागचं, मुरमाड.
गुडघे असे सोलून निघत
की रक्ताला गार पाणी लागतं, ऊन नाही,
हे आमच्या घरात लेकी चालायच्या आधी शिकल्या.

एक्केचाळीसच्या हिवाळ्यात गोलचे खांब जळाले.
कुणी नेले ते सगळ्यांना ठाऊक.
त्या घरातली दोन लेकरं वसंत बघायला उरली,
म्हणून कुणी विचारलं नाही.
पुढची सहा वर्षं खांबांच्या जागी दोन टोप्या,
आणि चेंडू टोपीवरून गेला की मारामाऱ्या.

डाव्या बगलेवर झिसिमोस पळायचा.
त्याला पकडून बेटावरच्या छावणीत नेलं.
त्याचा सदरा आईनं धुतला, वाळवला, घडी घातली,
चार वर्षं ट्रंकेत ठेवला,
मग बेतून एका बारक्या गोलकीपरला दिला.
स्मारकाला कापड आम्हाला परवडत नव्हतं.

मग कर्नलांचं राज्य आलं,
आणि एका सहीनं शेजारच्या निळ्यांशी आमचं लग्न लागलं.
सात वर्षं आम्ही जांभळे होतो.
त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

एकोणऐंशीला आम्ही व्यावसायिक झालो.
म्हणजे काय, ते मला मशीन आल्यावर कळलं.
अध्यक्ष सिमेंटवाले, सदरे नायलॉनचे,
छातीवर पुन्हा एक शिक्का, या वेळी सिमेंटच्या पोत्याचा.
रंग पक्का. थेंब सुटेना.
पहिल्या डिव्हिजनमध्ये तीन हंगाम!
त्या बंदरवाल्यांना एक-शून्यनं हरवलं त्या संध्याकाळी
नवऱ्यानं मला धोबीखान्यात उचलून घेतलं,
साबणासकट.

पुढचं लिहिलेलं कागदांत आहे, कोर्टात आहे.
पगार थकले. अध्यक्षांचा फोन लागेना.
ब्राझीलहून आलेला एक पोरगा, एव्हेराल्दो,
वसतिगृहाची वीज कापल्यावर
माझ्या स्वयंपाकघरात मसुराचं सूप प्यायचा
आणि आईला फोनवर सांगायचा की सगळं छान आहे.
एका उन्हाळ्यात आम्ही तीन पायऱ्या खाली आलो.
लिलावात मशीनही गेलं.

आता चौथी डिव्हिजन. दीडशे माणसं,
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, कठड्यावर तीच चार म्हातारी,
ज्यांना प्रत्येक पंच आजही त्या बंदराचाच वाटतो.
वीटभट्टीच्या जागी मेट्रोचं स्टेशन.
माझी त्र्याहत्तर वर्षं, दोन बादल्या, एक नळ.

यंदाचे सदरे कुणीतरी स्वस्तात आणले.
पहिल्याच धुण्यात पाणी लाल झालं.
लगेच ओतलं नाही मी.
मनगटापर्यंत हात आत ठेवून बसले थोडा वेळ,
आजीचा हात कोपरापर्यंत असा दिसायचा,
रविवारी चर्चलासुद्धा.

बाहेरून पोरं ओरडायला लागली,
कीरा पोलिक्सेनी, बस सुटतेय, चड्ड्या कुठायत?

सगळ्या गुलाबी.
तशाच दिल्या, ओल्या.